झाकणाखालची पंधरा मिनिटं

सोमवार, १

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते आज मी स्वतःच्याच जेवणाच्या टेबलावर करून घेतलं.

बायको कामावरून उशिरा आली. आल्या आल्या तिनं भात टाकला, मसूर शिजवले. मसूर जरा पातळ झाले. मी ओरडलो नाही, चिडलो नाही, फक्त एक साधं निरीक्षण नोंदवलं, "स्वयंपाकात एवढं काय आहे? ज्याला वाचता येतं त्याला स्वयंपाक येतो. लिहिलंय तसं करायचं, बस."

तिनं चमचा खाली ठेवला. आवाज न करता ठेवला. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

"छान," ती म्हणाली. "मग उद्यापासून तू कर. रात्रीचं जेवण, रोज, पूर्ण महिना. जमलं तर मी तीस तारखेला होकार कळवते. नाही जमलं तर नकार कळवते आणि विषय संपला."

होकार कशाला, ते लिहून ठेवतो. ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आहे. बसने पाच तासांवरच्या एका शहरात त्यांची नवी प्रयोगशाळा निघतेय, तिची प्रमुख म्हणून हिला एक वर्षासाठी बोलावलंय. एक शनिवार सोडून एक शनिवार घरी. असं तिला हे तिसऱ्यांदा विचारलंय. पहिल्यांदा मुलगी लहान होती. दुसऱ्यांदा माझे वडील पाय मोडून आमच्याकडे राहायला आले. दोन्ही वेळा तिनं स्वतःहून नकार दिला. मी एका शब्दानं अडवलं नाही. मी काही बोललोच नाही मुळी.

असो. मी लिफ्ट तपासनीस आहे. गेली तेवीस वर्षं कुठल्या इमारतीची लिफ्ट चालणार आणि कुठली बंद राहणार, हे माझ्या सहीवर ठरतं. मला काय एक उलथनं भारी पडणार?

मंगळवार, २

पहिला प्रयोग: भाज्या घातलेला भात. पुस्तकात बघून, घड्याळ लावून, सगळं मापात.

इथे माझी पद्धत नोंदवून ठेवतो, पुढे कोणाला तरी उपयोगी पडेल. आमच्या खात्याचा पहिला नियम असा की ज्याने लिफ्ट बसवली त्याने ती तपासायची नाही. बनवणाऱ्याला आपली चूक दिसत नाही. म्हणून मी शिजवताना चव घेत नाही. चव बघणं हे टेबलावर बसणाऱ्यांचं काम. दुसरा नियम, तपासणीआधी यंत्र पंधरा मिनिटं स्थिर राहू द्यायचं. म्हणून सात वाजता गॅस बंद, पातेल्यावर झाकण, आणि मी खाली रस्त्यावर एक फेरी मारायला. सव्वासातला वर. साडेसातला जेवण.

भात तीन थरांत निघाला. वरचा कच्चा, मधला खीर, खालचा कोळसा. टाचणीने, म्हणजे आमच्या चौदा वर्षांच्या कन्येने (खरं नाव कोणी वापरत नाही, टोचते म्हणून टाचणी), विचारलं, "बाबा, खाण्याआधी सही कुठे करायची?"

बायकोने सगळं संपवलं. तीन ग्लास पाणी प्यायली.

शुक्रवार, ५

आज कांद्याचं सूप केलं. हे पुस्तकातलं नाही, हे माझ्या आईचं.

मी अकरा वर्षांचा होतो. त्या थंडीत शाळेतून घरी आलो की शेगडीवर झाकलेलं पातेलं असायचं. आत बदामी रंगाचं दाट सूप, तळाशी कडक पावाचे तुकडे. अजून कोमट. आईला त्या वर्षी जरा बरं नसायचं, आतल्या खोलीत पडून असायची. तरी रोज माझ्यासाठी उठून एवढं करून ठेवायची, आणि परत जाऊन झोपायची. याला म्हणतात आई! तशी चव मला पुन्हा कुठे मिळाली नाही. आज टेबलावर मी हे सगळं सांगितलं. टाचणी म्हणाली, हे तिनं आतापर्यंत किमान शंभर वेळा ऐकलंय. ऐकू दे. काही गोष्टी शंभर वेळा ऐकण्यासारख्या असतात.

माझं सूप मात्र करपलेल्या पाण्यासारखं झालं होतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, वाडग्यात बघत बसले होते. वय अठ्ठ्याहत्तर, सारा जन्म शिंपीकामात गेला, दिवसाकाठी सरासरी अकरा शब्द बोलतात. आजचे त्यांनी सूपावर खर्च केले.

"कांदा जाड. आच मोठी. असं नव्हतं ते."

जसं काही यांनीच केलं होतं! त्या काळात हे सकाळी दुकानात जायचे ते रात्री आठला उगवायचे. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय.

रविवार, ७

आज कोबी. त्याबद्दल लिहिणार नाही.

बायको जेवून उठली आणि पाव आणायला खाली गेली. माझ्या जवळून जाताना खांद्यावर हात ठेवला. याला मी सहानुभूती म्हणतो, आणि ती मला नको आहे.

मंगळवार, ९

जमलं!

टोमॅटोत शिजवलेले मटार-बटाटे. टाचणीने दुसऱ्यांदा घेतले. बायकोने पहिला घास घेतला, थांबली, दुसरा घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मी अगदी सहज, रोजचंच आहे अशा चेहऱ्यानं पाणी ओतत राहिलो.

आज शिकलेली गोष्ट: कांदा मी बोटाएवढा जाड चिरला होता, पण शिजल्यावर तो अगदी बारीक, एकसारखा होतो. पुस्तकांत हे कोणी लिहीत नाही.

गुरुवार, ११

आज गंमतच झाली. मीठ घातलं, मग फोन आला, मग पुन्हा मीठ घातलं. हे मला कधी आठवलं, तर झाकण ठेवून खाली गेल्यावर. म्हटलं, आज बारा वाजले. वर येऊन जेवायला बसलो तर मीठ अगदी बेताचं! बटाटे मीठ शोषून घेतात हे ऐकून होतो, पण इतकं? पातेल्यात मी पाच बटाटे टाकले होते आणि वाढताना सातएक वाटले, म्हणजे बहुतेक मोजण्यात माझीच चूक झाली. तेवीस वर्षांत पहिल्यांदाच.

माझा निष्कर्ष असा की खरी किमया आहे त्या पंधरा मिनिटांची. झाकणाखाली अन्न स्वतःला सावरून घेतं.

रविवार, १४

सहा दिवस सलग उत्तीर्ण. घरातही सुधारणा दिसतेय. टाचणी रोज सातच्या ठोक्याला खिडकीत भूगोलाचं पुस्तक घेऊन बसते, आणि तिथून खाली माझ्याकडे हातही हलवते. अभ्यासाचं वळण असं आपोआप लागतं, घरात शिस्तीचा माणूस असला की. अण्णांचं मात्र वय दिसायला लागलंय. हल्ली रोज त्यांच्या सदऱ्याच्या बाहीला टोमॅटोचा नाहीतर कसला तरी डाग असतो. जेवताना हात थरथरत असेल. मी काही बोललो नाही. म्हाताऱ्या माणसाला कशाला लाजवायचं?

बायकोला मोठ्या मनानं सांगितलं, "तू पण पंधरा मिनिटं झाकून ठेवत जा. तुझ्या मसुरांना तेच कमी पडत होतं."

तिनं बराच वेळ माझ्याकडे बघितलं. "तुला मला काही सांगायचंय का?"

"सांगितलं की. झाकण."

"बरं," ती म्हणाली.

माळ्यावरची मोठी बॅग तिनं खाली काढलीय. चेन अडकते. मी दुरुस्त करून आणतो म्हणालो. आणेन. वेळ कुठे आहे, सातपर्यंत मी स्वयंपाकघरात.

बुधवार, १७

बहिणीचा फोन. अण्णांना चार दिवस तिच्याकडे पाठव म्हणाली, नातू आठवण काढतोय. अण्णा नको म्हणाले.

"इथे काम आहे."

"कसलं काम?" मी विचारलं. "दिवसभर खुर्चीत तर असता."

ते टाचणीकडे बघत राहिले, टाचणी छताकडे. शेवटी मीच त्यांची पिशवी भरली. उद्या सकाळी बहीण न्यायला येतेय.

शनिवार, २०

परवा भात कच्चा. काल मसूर खारट, इतके खारट की बायकोने न बोलता खिडकी उघडली, का ते तिचं तिला माहीत. आज मासा. बिचारा एकदा समुद्रात मेला आणि दुसऱ्यांदा माझ्या कढईत.

काही तरी बदललंय. पद्धत तीच, वेळ तीच, झाकण तेच. मी गॅसची शेगडी तपासली, नळी तपासली. मिठाचा पुडा नवा आहे, तो संशयास्पद आहे. हे सगळं मी टेबलावर समजावून सांगत होतो.

"नाचता येईना अंगण वाकडं," टाचणी म्हणाली.

"मग नऊ दिवस अंगण सरळ कसं होतं?" मी विचारलं.

ती काहीतरी बोलणार होती. मग तोंडात पाव कोंबला.

रविवार, २१

बायकोने आज बॅग परत माळ्यावर टाकली. चेन तशीच आहे, मी नेली नव्हती. मग लॅपटॉप उघडून बसली. मागून जाताना वाचलं, "कौटुंबिक कारणास्तव मला ही संधी" इतकंच होतं. पुढचं ती लिहीत नव्हती, नुसती बघत बसली होती.

मला वाईट वाटलं. म्हणजे वाटायलाच हवं होतं. पण आत कुठेतरी एकदम हलकं वाटलं, का ते कळलं नाही. पोट असेल. काल तो मासा.

सोमवार, २२

अण्णा परत आले. आज अंडी आणि पालक. अप्रतिम! म्हणजे मिठाचा पुडाच खराब होता.

बायकोने ते पत्र अजून पाठवलेलं नाही.

बुधवार, २४

चोर सापडला. चोर दोन आहेत.

सात वाजता झाकण ठेवून निघालो. लिफ्टमध्ये शिरलो, दार लागलं आणि ती हललीच नाही. माझ्या स्वतःच्या इमारतीतली, माझ्याच सहीची लिफ्ट. पाच मिनिटांनी कसंबसं दार उघडलं. जिना उतरायचा कंटाळा आला म्हणून घरात परतलो.

टाचणी खिडकीत. भूगोलाचं पुस्तक मांडीवर, नजर खाली रस्त्यावर. "आजोबा, अजून बाहेर नाही पडला तो," ती म्हणाली. "आज उशीर का करतोय कोण जाणे."

आणि शेगडीपाशी अण्णा. पातेल्याचं झाकण बाजूला. एका हातात चमचा, दुसरा हात माझ्या भाजीतल्या कांद्याचे जाड तुकडे उचलून बशीत काढतोय. शेजारी दुसऱ्या बशीत बारीक, एकसारखा, दोऱ्यानं आखल्यासारखा चिरून परतलेला कांदा तयार. बाही टोमॅटोत.

मी दारात उभा.  पातेलं तेवढं रटरटत होतं, गॅस मी बंद केलेला असूनही.

"किती दिवस चाललंय हे?" मी विचारलं.

"नऊ तारखेपासून," टाचणी म्हणाली. "चार दिवस सोडून. ते चार दिवस तुला आठवत असतील."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी मिठाच्या पुड्याची चौकशी करत बसलो होतो. जेवलो नाही. म्हणजे जेवलो, पण कोणाशी बोललो नाही. भाजी चांगली झाली होती, याचा जास्त राग आला.

गुरुवार, २५

आज मी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. पंधरा मिनिटं पातेल्यासमोर स्टूल टाकून पहारा दिला. कोणी शिरलं नाही. जेवण घशाखाली उतरेना. बायको अर्ध्यावर उठली.

नंतर अण्णा आत आले. मी पातेलं घासत होतो, जोरजोरात.

"तू चाखून का बघत नाहीस?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना खात्याचा नियम सांगितला. बनवणाऱ्याने तपासायचं नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मी चाळीस वर्षं कपडे शिवले," ते म्हणाले. "कापड टेबलावर नेहमीच बरोबर असतं. गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवलं की कळतं खांदा कुठे ओढतोय. म्हणून कच्चं शिवून एकदा घालून बघायचं, मग उसवायचं, मग पक्कं. तू एकदम पक्कं शिवतोस आणि वर फिरायला जातोस."

अकराच्या कितीतरी पुढे गेले शब्द. मी मोजले नाहीत.

"मग हे लपून कशाला? सांगायचं मला."

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

पातेलं तसंही स्वच्छ झालं होतं. मी घासत राहिलो.

शनिवार, २७

हे नीट लिहायला हवं.

आज दुपारी बायको आणि टाचणी बाहेर गेल्या होत्या. मी अण्णांना म्हटलं, कांद्याचं सूप दाखवा. हसू येत होतं, कारण यांना ते येत असेल असं मला वाटतच नव्हतं. नुसता कांदा तरी शिकू, म्हटलं.

त्यांनी चार कांदे घेतले. सुरी अंगठ्यावर घासून बघितली, नाक मुरडलं, कपबशीच्या बुडावर दोनदा ओढली. मग चिरलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा हात, जरा म्हणून थरथरला नाही. मंद आचेवर पाऊण तास कांदा ढवळायला लावला मला. मी दर दोन मिनिटांनी म्हणत होतो, झाला. ते म्हणत होते, नाही. कडेला लागलेलं पाण्याच्या एकेका चमच्यानं सोडवून घ्यायचं. मग त्यांनी पाव गॅसवर कडक करून हातानंच तोडला, वाडग्याच्या तळाशी टाकला, वरून सूप.

"चाख," म्हणाले.

मी चाखलं.

मी अकरा वर्षांचा झालो. दप्तर, ओले मोजे, बंद खोलीचं दार, सगळं. माझ्या हातातला चमचा खाली ठेवता येईना.

"हे आईचं आहे," मी म्हटलं.

अण्णा ओट्यावरची सालं गोळा करत होते.

"अण्णा, हे आईचंच आहे. तुम्हाला कसं येतं?"

"ती चार महिने उठली नव्हती रे," ते म्हणाले. "न्हाणीघरापर्यंत मी धरून न्यायचो. मी दुपारी दुकानातून तासभर घरी यायचो. तुझी शाळा सुटायच्या आत करून, झाकून परत. पाव तळाशी, म्हणजे तू येईपर्यंत तो भिजून बरोबर होईल."

"आणि मला सांगितलंत, आईनं केलंय."

"तिनंच सांगायला लावलं. आपल्या पोराला आपण साधं जेवायला घालू शकत नाही, याचं तिला फार लागायचं. तू खाऊन तिच्या खोलीत जायचास ना, आई, मस्त झालंय, असं सांगायला? त्यानंतर तासभर ती बरी असायची."

नंतर उन्हाळ्यात आई उठली, चांगली हिंडूफिरू लागली. पण ते सूप तिनं पुन्हा केलं नाही. मी हट्ट केला की म्हणायची, ते थंडीतच चांगलं लागतं. पुढच्या थंडीत म्हणायची, कांदे बरे मिळत नाहीत. हे सगळं मला माहीत होतं. चौतीस वर्षं माहीत होतं आणि एकदाही डोक्यात प्रकाश पडला नाही. आजारी बाई रोज उठून पाऊण तास कांदा ढवळते! मी तपासनीस आहे म्हणे.

आणि चौतीस वर्षं मी प्रत्येक टेबलावर, यांच्यासमोर, यांच्या तोंडावर, आईच्या हातची चव, आईच्या हातची चव. आणि हे वाडग्यात बघत बसायचे.

"तुम्ही एकदाही कसं सांगितलं नाहीत?" मी विचारलं.  रडलो, सरळ लिहितो. कांदा नव्हता, तो कधीच शिजला होता.

"चव लक्षात राहिली ना तुझ्या," ते म्हणाले. "बस झालं की."

सोमवार, २९

आज बायकोला सगळं सांगितलं. नऊ तारखेपासूनचं. चांगली झालेली सगळी जेवणं अण्णांची, आणि फक्त वाईट तेवढी माझी.

"उशीर केलास," ती म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"माझं काम काय आहे? वरून स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात कोणी काय मिसळलंय ते शोधणं. नऊ तारखेच्या पहिल्या घासाला कळलं. तो कांदा तुझा नव्हता."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलतोस का ते बघत होते. आधी वाटलं, तू आणि अण्णा मिळून करताय. मग तू मला झाकणाचा सल्ला दिलास, तेव्हा कळलं की तुला खरंच काही माहीत नाही." ती हसली, पण फार नाही. "मी गेल्यावर अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस रोज चोरून उभा राहून रांधणार, आणि तू खाली फेऱ्या मारणार. असं घर टाकून मी कशी जाऊ? म्हणून ते पत्र लिहायला घेतलं."

मी गप्प. गप्प बसण्यात मी पहिल्यापासून हुशार. मग वाटलं, नाही, या वेळी नाही.

"बॅगेची चेन मी मुद्दाम नेली नाही," मी म्हटलं. "तू जाऊ नयेस असं मला वाटत होतं. तू ते पत्र लिहायला बसलीस तेव्हा मला बरं वाटलं. मागच्या दोन्ही वेळेलाही बरं वाटलं होतं. मी अडवलं नाही, अडवलं नाही म्हणतो, पण जा असंही म्हटलं नाही."

 तिचे डोळे भरले होते आणि ती चिडलेलीही होती, दोन्ही एकदम.

"हे मला अकरा वर्षं माहीत आहे," ती म्हणाली. "तुझ्या तोंडून ऐकायचं होतं."

"जा," मी म्हटलं.

"उद्या जेवायला काय करतोयस?"

मंगळवार, ३०

मटार-भात आणि टोमॅटोतले बटाटे. अण्णा आणि टाचणी बाहेरच्या खोलीत, दार बंद. अण्णांनी दोनदा खोकून बघितलं. मी दाद दिली नाही.

आज मी फेरी मारली नाही. चाखलं. मोजून अकरा वेळा. एकदा मीठ वाढवलं, एकदा पाणी, एकदा कांदा बाहेर काढून पुन्हा चिरला. शिंप्याच्या भाषेत सांगायचं तर दोनदा उसवलं.

भात किंचित मऊ. बटाटे बरे. फार बरे नाहीत, बरे. टाचणी म्हणाली, "पास, पण पहिल्या वर्गात नाही." अण्णांनी सगळं संपवलं आणि रुमालानं तोंड पुसलं. बायकोने आणखी थोडं वाढून घेतलं. पाणी एकच ग्लास.

मग तिनं फोन उचलला, तिथेच टेबलावर बसून चार ओळी लिहिल्या आणि फोन पालथा ठेवला.

"कळवलं," ती म्हणाली.

माझ्या पोटात खड्डा पडला. या वेळी मासा नव्हता. ते काय आहे ते मला कळलं, आणि मी उठून माळ्यावरून बॅग काढली. अण्णांनी ती मांडीवर घेतली, चेनचे दात बोटानं चाचपले, मेणबत्तीचा तुकडा मागवला. दहा मिनिटांत चेन सरळ झाली. दोन आठवडे मला वेळ मिळत नव्हता म्हणे.

रविवार, ५

उद्या सकाळच्या बसने ती निघतेय. तिला भेटायला बहीण आली. मी कांद्याचं सूप केलं, एकट्यानं, पाऊण तास ढवळून. पाव तळाशी.

आमची बहीण त्या थंडीत चार वर्षांची होती, आणि तिलाही ती चव आठवते, हे मला माहीत नव्हतं. एक चमचा घेतला आणि तिचे डोळे मोठे झाले.

"दादा! अरे, अगदी आईच्या हातची चव!"

अण्णा वाडग्यात बघत होते. नेहमीसारखे. मी त्यांच्याकडे बघितलं तर त्यांनी बारीकशी मान हलवली, राहू दे म्हणून.

चौतीस वर्षं राहू दिलं. आईचा मान राखायचा होता, तो राखला. आईच्या नावानं ती चव मला मिळाली आणि बदल्यात मी तिला एक तास बरं वाटू दिलं, ते सगळं तसंच राहील, कोणी काढून घेत नाही. पण उभा राहून कांदा ढवळणारा माणूस समोर बसलाय, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर.

"आईच्या नाही गं," मी म्हटलं. "अण्णांच्या हातची."

आणि मी सगळं सांगितलं. दुकानातून यायचे ते, झाकण, पाव. बहिणीचा चमचा वाडग्यातच राहिला. टाचणी, जिला ही गोष्ट शंभर वेळा ऐकून कंटाळा आला होता, ती एकशे एकाव्या वेळेला हनुवटी टेबलावर टेकवून ऐकत होती. बायकोने टेबलाखालून माझा हात धरला.

सगळे अण्णांकडे बघायला लागले. ते त्यांना मुळीच आवडलं नाही. त्यांनी मान वर केली नाही, आणखी एक चमचा घेतला, सावकाश गिळला.

"मीठ कमी आहे," ते म्हणाले.

मी चाखून बघितलं. मीठ अगदी बरोबर होतं.